वाजतंय तोवर बरं

रत्नागिरीत आजारी माणसापेक्षा आजारी गाडीला बघायला जास्त लोक येतात. माणसाकडे जायचं तर हातात शहाळं नाहीतर निदान बिस्किटाचा पुडा लागतो, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आत गेल्यावर "बरे दिसताय की" असं खोटं बोलावं लागतं. गाडीचं तसं नाही. रस्त्यावरून जाता जाता थांबायचं, उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालायचं आणि "खर्च आहे" एवढंच म्हणायचं. हे कधी खोटं ठरत नाही. वर घरातून चहा येतो.

आमच्या थोरल्या काकांच्या प्रीमियर पद्मिनीला टकटक सुरू झाली तेव्हा त्यांच्या नाचण्याच्या अंगणात असा चहा बराच गेला.

गाडी मूळची मुंबईची. काका निवृत्त झाले, भायखळ्याचं बिऱ्हाड मोडलं आणि स्टीलच्या डब्यांबरोबर गाडीही गावी आणली, ती कायमची. रत्नागिरीला या प्रकाराचा जुना अनुभव आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी १८८६ साली इथं आणून ठेवला, तो १९१६ साली इथंच वारला. सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. ते तरी सुटले. पद्मिनीला तशी काही आशा नाही, कारण हातखंब्याच्या पुढं तिला न्यायची काकांची छाती होत नाही.

तर टकटक. आवाजावरून निदान करणं ही आमच्याकडे सार्वजनिक कला आहे आणि तिला शिक्षणाची अट नाही. एका निवृत्त गुरुजींनी डोळे मिटून मिनिटभर ऐकलं आणि "पेट्रोल" असा एका शब्दात निकाल दिला. हल्ली पेट्रोलात काय काय घालतात यावर ते पुढं बराच वेळ बोलले, पण त्याचा या गाडीशी संबंध नव्हता. मिरकरवाड्याचा एक बोटवाला म्हणाला, "ह्याला आवाज म्हणतात होय? आमच्या लाँचचं इंजिन ह्याच्या दसपट वाजतं, पण मासे गावतात." एका तरुणानं फोनवर आवाज रेकॉर्ड करून तो पुन्हा आम्हालाच ऐकवला, आणि आम्ही सगळ्यांनी इंजिन शेजारी चालू असताना तो फोनवरून मन लावून ऐकला. बाकीच्यांचं मत "विकून टाका" असं पडलं. हे मत देणाऱ्यांनी गाडी कोण घेणार हे कधीच सांगितलं नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नव्यानं करायची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली, तेव्हापासून काकांना गाडीपेक्षा तिच्या पुस्तकाचीच किंमत जास्त वाटते.

साळवी स्टॉपच्या अलीकडे एक मिस्त्री आहे. तो या सगळ्यात शेवटी आला, कारण काकांनी त्याला शेवटी बोलावलं. त्यानं हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि सगळ्यांना हातानं गप्प केलं. इंजिन ज्या गतीनं फिरत होतं त्याच्या निम्म्या गतीनं ठोका पडत होता. म्हणजे क्रँकचा नव्हे, वरचाच. "रॉकर," तो म्हणाला. "खालचा नाय. खालचा असता तर मी आलोच नसतो."

इथं इंजिनाच्या पोटातला कारभार थोडा सांगायला हवा, कारण काकांनी तो मला इतक्या वेळा सांगितला आहे की माझ्याकडून कोणाला तरी सांगितला जाणं भाग आहे. पद्मिनीचं इंजिन चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं, मूळ फियाटचं. त्यात कॅमशाफ्ट खाली असतो आणि व्हॉल्व वर हेडात. मधला पत्रव्यवहार अगदी सरकारी पद्धतीनं चालतो. कॅमशाफ्ट म्हणजे मंत्रालय. त्याचा उंचवटा फिरून वर आला की आदेश निघतो. तो टॅपेटकडे जातो, म्हणजे जिल्हाधिकारी. टॅपेट पुशरॉडला ढकलतं, हे प्रांत. पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो, हे तहसीलदार, आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्वच्या डोक्यावर बसतं, तो तलाठी. तेव्हा कुठं व्हॉल्व उघडतो आणि पेट्रोल आत येतं किंवा धूर बाहेर जातो. आता प्रत्येक पायरीवर थोडी थोडी झीज धरा. मंत्रालयातून निघालेला आदेश तलाठ्यापर्यंत पोचतो, पण जरा उशिरा, जरा कमी, आणि टेबलावर आपटून.

त्यातून शेवटच्या टेबलावर मुद्दाम फट ठेवलेली असते. रॉकर आणि व्हॉल्व यांच्यामध्ये मिलिमीटरचा एक-दोन दशांश. लोखंड तापलं की वाढतं, म्हणून ही जागा सोडायची. फट जास्त झाली की टकटक वाजते आणि सगळ्या गल्लीला कळतं. फट कमी झाली की मात्र काहीच वाजत नाही. गाडी साजूक तुपासारखी चालते, मालक खूश, आणि आत एक्झॉस्टचा व्हॉल्व आपल्या सीटवर नीट टेकत नाही. सातशे अंशांच्या आसपास तापलेला तो व्हॉल्व टेकतो तेवढ्यातच आपली उष्णता हेडाला देऊन थंड होत असतो. टेकायलाच मिळालं नाही की कडेनं जळत जातो. म्हणून जुने मिस्त्री वाजणाऱ्या इंजिनाला भीत नाहीत. "वाजतंय तोवर बरं," आमचा मिस्त्री म्हणाला. "गप बसलं की मग काळजी करा." काकूनं हे आतून ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती काकांशी जरा जास्तच मोठ्यानं बोलू लागली आहे.

मधल्या काळात महामार्गावरच्या कुठल्याशा मेकॅनिकनं काकांना "आवाज बंद करून देतो" म्हणून टॅपेटं गच्च आवळून दिली होती. काका आठवडाभर तृप्त होते. मग गाडी सकाळी सुरू होईना, आणि झाली की एका सिलिंडरवर लंगडायची.

आता झिजलेल्या रॉकरची एक खोड असते, ती कोणाच्याही लक्षात येत नाही. मिस्त्रीनं टॅपेट कव्हर उघडलं आणि फिलर गेजची पत्ती घेऊन आठही फटी बरोबर केल्या. इंजिन सुरू केलं. टकटक! पुन्हा केल्या. टकटक! गुरुजी म्हणाले, "मी पेट्रोल म्हटलं होतं." मिस्त्रीनं मग रॉकर शाफ्टच काढला आणि एक रॉकर पालथा करून काकांच्या हातात दिला. व्हॉल्वच्या डोक्यावर जी बाजू आपटते तिथं बोटाच्या टोकाला कळेल एवढा खड्डा पडला होता, नेमका व्हॉल्वच्या दांड्याएवढा. पत्ती सरळ असते. ती खड्ड्याच्या दोन काठांवर टेकून आरपार जाते आणि फट बरोबर आहे असं सांगते. खड्ड्याच्या तळापर्यंतची खरी फट तिला दिसतच नाही. आमच्याकडे रस्त्यांची पाहणी करायला गाडीतून साहेब येतात, ते असंच करतात.

नुसता खड्डाच नव्हता. रॉकर ज्या शाफ्टवर डुलतात तो शाफ्टही खालच्या अंगाला झिजून पायऱ्यापायऱ्यांचा झाला होता. तेल तिथं सगळ्यात शेवटी पोचतं, आणि शाफ्टमधली भोकं काळ्या गाळानं बुजली की तेही पोचत नाही. मिस्त्रीनं टाचणीनं एका भोकातला गाळ काढला आणि तो अंगठ्यावर चोळून सगळ्यांना दाखवला. बोटवाल्यानं वास घेतला. का घेतला ते विचारलं नाही.

झीज झाली म्हणून इंजिनाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. रत्नागिरीहून मुंबईला आठ तास धरले (महामार्गाच्या कामावर अजून श्रद्धा असलेल्यांनीच धरावेत) आणि गती जरा कमी धरली, तरी एकेक व्हॉल्व सहा लाखांच्या घरात आपटतो. आठ व्हॉल्व. काकांनी हा गुणाकार वहीच्या मागच्या पानावर करून ठेवला आहे आणि गाडीला वाईट बोलणाऱ्याला ते तो दाखवतात.

सुटे भाग हा मात्र रडायचा विषय. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बांधल्या. १९६४ ची ११०० डिलाइट पुढं १९७४ साली पद्मिनी झाली आणि शतक संपता संपता तिचं उत्पादनही संपलं. त्याच सुमारास, १ फेब्रुवारी २००० पासून, देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. जुन्या इंजिनांमध्ये शिशाचा पातळ थर व्हॉल्वच्या सीटना गादीसारखा उपयोगी पडत असे. ती गादीही गेली. तरीही काकांना चिंता नव्हती, कारण मुंबईच्या टॅक्स्या होत्या. काळ्यापिवळ्या पद्मिन्या धावत होत्या तोवर ऑपेरा हाऊसपासून कुर्ल्यापर्यंत कोणीही रॉकर मागितला तर दुकानदार मागं न बघता हात घालून काढून देत असे. २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला ती रस्त्यावरून उतरली. सगळी मुंबई हळवी झाली. वर्तमानपत्रांत लेख आले, लोकांनी टॅक्सीबरोबर फोटो काढले. काकाही त्या दिवशी जेवले नाहीत, पण त्यांचं दुःख निराळं होतं. "आता रॉकर कोण ठेवणार?" एवढंच ते म्हणाले.

शेवटी रॉकर मिळाले ते कुर्ल्यातच, भंगार बाजारात. गाडी जिथं जन्मली तिथूनच मैल-दीड मैलाच्या आत. दुकानदारानं माझ्या चुलतभावाला "फियाटचं ना?" असं विचारलं, पद्मिनी हे नाव मुंबईत फक्त कागदावर होतं. काही रॉकर जुन्या साठ्यातले, तेलकट कागदातले, आणि काही डुप्लिकेट. डुप्लिकेट जास्त चकचकीत होते. वर्तमानपत्रात बांधलेलं ते पुडकं तुतारी एक्स्प्रेसनं रत्नागिरीला आलं. चुलतभावानं ते रात्रभर उशाशी घेतलं होतं, आणि समोरच्या बाकावरच्या बाईंना तो दागिने घेऊन चालला आहे असा संशय आला होता.

हेड मात्र कोल्हापूरला न्यावं लागलं. व्हॉल्वचे गाईड झिजले होते. सकाळी गाडी सुरू केली की निळा धूर निघायचा आणि काका तो शेजाऱ्यांच्या बंबाचा आहे असं सांगायचे. या कामाला त्यांचा विश्वास फक्त उद्यमनगरावर. हेड गोणपाटात गुंडाळून काका एसटीत बसले. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. काकांनी "हे सामान नाही, पेशंट आहे" असं सांगून पाहिलं. कंडक्टरनं पेशंटचं पूर्ण तिकीट फाडायची तयारी दाखवल्यावर ते सामानावर आले. आंबा घाटात प्रत्येक वळणावर गोणपाट शेजारच्या प्रवाशाच्या मांडीवर कलंडत होतं, आणि अर्ध्या घाटापासून त्या गृहस्थांनी आपली पांढरी विजार वाचवण्यासाठी उभ्यानं प्रवास केला.

उद्यमनगरातला कारागीर कोल्हापुरी होता, म्हणजे प्रस्तावना नाही. हेड बघून म्हणाला, "गाडी ठेवायची हाय का इकायची?"

"ठेवायची."

"मग गाईड घाला. इकायची असती तर दाट ऑइल घाला म्हटलं असतं."

सीट कापून आणि नवे गाईड दाबून हेड परत आलं. मग मिस्त्रीनं व्हॉल्व घासायला घेतले. सीटवर ग्राइंडिंग पेस्ट लावायची, व्हॉल्वच्या चपट्या तोंडाला रबरी चोखणीची काठी चिकटवायची आणि ती दोन तळहातांमध्ये पुढंमागं फिरवायची. थोडं फिरवून उचलायचं, जागा बदलायची, पुन्हा. सुरुवातीला खरखर येते, मग खरखर मऊ होते, मग जवळजवळ येतच नाही. पुसलं की व्हॉल्वच्या कडेवर सगळीकडून सारख्या रुंदीची करडी पट्टी दिसायला हवी. ती दिसली तरी मिस्त्रीचा विश्वास नसतो. हेड उलटं ठेवून व्हॉल्वच्या तोंडावर रॉकेल ओततो आणि विडी ओढायला बाहेर जातो (बाहेर, हे महत्त्वाचं). परत येईपर्यंत थेंब पाझरला नाही तर पास.

पुशरॉड तपासायला सपाट काच लागते. त्यावर पुशरॉड घरंगळत सोडायचा; सरळ असला तर गुपचूप जातो, वाकलेला असला तर खडखडत लंगडतो. घरात सपाट काच एकच निघाली, आमच्या पणजोबांच्या फोटोवरची. फोटो भिंतीवरून उतरवला, हार काढला, ओसरीवर आडवा ठेवला, आणि फेटा बांधलेल्या पणजोबांच्या छातीवरून आठ पुशरॉड ओळीनं सोडले. दोन लंगडले. काकू म्हणाली, या घरातले पुरुष गाडीसाठी कोणालाही कामाला लावतील.

जे भाग परत बसवायचे ते ज्याच्या त्याच्या जागीच बसवावे लागतात. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून त्यांची एकमेकांपुरती झीज झालेली असते. अदलाबदल केली की नव्यानं भांडण सुरू. म्हणूनच नवा कॅमशाफ्ट घातला तर टॅपेटंही नवीच घालावी लागतात. काकांचा कॅम सुदैवानं शाबूत निघाला, नाहीतर रेडिएटर, टायमिंग चेन असं करत गाडीत फक्त हॉर्न जागेवर राहिला असता. तर क्रम चुकू नये म्हणून मिस्त्रीनं आंब्याच्या रिकाम्या खोक्याला आठ भोकं पाडली, वर पेनानं एक ते आठ आकडे लिहिले आणि पुशरॉड त्यात उभे खोचले. बिनचूक पद्धत. काका चष्मा लावून कौतुकानं बघायला गेले आणि त्यांचा चेहराच उतरला. खोक्यावर छापलं होतं, "देवगड हापूस".

"हे काय?"

"खोका."

"रत्नागिरीत तुला देवगडचा खोका मिळाला?"

मिस्त्रीनं तो कुठून मिळाला हे सांगितलं नाही. काकांनी आतून आपल्या बागेतला खोका आणला आणि पुशरॉड त्यात हलव म्हणून सांगितलं. मिस्त्री म्हणाला, हलवताना क्रम चुकला तर मी जबाबदार नाही. काका बराच वेळ त्या खोक्यासमोर उभे राहिले. एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला जिल्हा. शेवटी त्यांनी खोका उचलला नाही, फक्त अक्षरं भिंतीकडे येतील असा फिरवला.

शेवटचं काम टॅपेट लावण्याचं. ते बघण्यासारखं असतं. कुठला व्हॉल्व केव्हा लावायचा यासाठी मिस्त्रीकडे पुस्तक नाही, नवाचा हिशेब आहे. इंजिन हातानं फिरवत जायचं. पहिला व्हॉल्व पूर्ण दाबला गेला की आठवा लावायचा, दुसरा दाबला गेला की सातवा, तिसऱ्याला सहावा. बेरीज नऊ झाली पाहिजे. गणितात दोनदा नापास झालो असं तो अभिमानानं सांगतो, पण ही बेरीज त्याची कधी चुकलेली नाही. पत्ती फटीतून काढताना किंचित ओढ लागली पाहिजे. किती ओढ, हे त्याच्या बोटांना माहीत आहे आणि ते दुसऱ्याला सांगता येत नाही. त्यानं माझ्या हातात पत्ती देऊन दाखवलं. मला सगळ्या फटी सारख्याच वाटल्या. तो म्हणाला, "तुम्ही लिहा."

गाडी सुरू झाली. अंगणात तेव्हा बरीच मंडळी होती आणि सगळ्यांचे कान बॉनेटकडे. टकटक नाही. बारीक, सारखी, शिवणयंत्रासारखी कुरकुर, जेवढी हवी तेवढीच. गुरुजी म्हणाले, पेट्रोल बदललं असेल. बोटवाल्यानं मान डोलावली. काकांनी चाकामागं बसून थोडी रेस केली आणि मग त्यांचा चेहरा सावध झाला. टकटकीखाली आजवर दबलेले बाकीचे आवाज आता एकेक करून वर येत होते. डायनामोचं बेअरिंग गुणगुणत होतं. सायलेन्सरचा क्लँप थरथरत होता. डाव्या दारात कुठंतरी एक स्क्रू हिंडत होता. मिस्त्रीनं हे सगळं ऐकलं होतंच. त्यानं हात पुसत आपल्या मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं आणि "गणपतीनंतर बघू" म्हणाला.

जुने रॉकर, शाफ्ट आणि ते दोन लंगडे पुशरॉड काकूनं भंगारवाल्यासाठी पिशवीत भरून पायरीवर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी लांज्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडेही पद्मिनी. त्यांना मिस्त्रीकडून बातमी लागली होती. चहा घेऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतला एकेक रॉकर बाहेर काढला, खड्ड्यावरून अंगठा फिरवला, उजेडात धरला, आणि खिशातून आपला एक रॉकर काढून शेजारी ठेवला. त्यांच्या रॉकरचा खड्डा इतका खोल होता की काकांनी नकळत "अरेरे" म्हटलं.

"तुमचे झिजलेले आमच्यापेक्षा बरेच बरे आहेत," ते गृहस्थ म्हणाले. "काय घ्याल?"

काल संध्याकाळपर्यंत त्या पिशवीची किंमत भंगाराच्या दरानं होती. काकांनी पिशवी जरा आपल्याकडे ओढली. लोखंड जुनं आहे, इटालियन डिझाइन आहे, असं हल्ली मिळत नाही, असं ते बोलू लागले. काकू दारात येऊन उभी राहिली. बऱ्याच घासाघिशीनंतर एक पेटी आंबा, रत्नागिरीचा, यावर सौदा ठरला. गृहस्थांनी पिशवी उचलली तेव्हा काकांनी त्यातले दोन रॉकर परत काढून घेतले.

"हे राहू देत," ते म्हणाले. "लागले तर."